आयव्हीए चालू असताना घराच्या इक्विटीचा वाद: पत्र हातात पडल्यापासून काय काय करायचं

पत्र साधारण साडेचार वर्षांनी येतं. तोवर आयव्हीएचे, म्हणजे घेणेकऱ्यांशी केलेल्या कर्जफेडीच्या कायदेशीर कराराचे, हप्ते अंगवळणी पडलेले असतात, आता थोडेच महिने उरले म्हणून घरात हायसं वाटायला लागलेलं असतं. आणि मग त्या करारावर देखरेख करणाऱ्या सुपरवायझरच्या ऑफिसातून जाड पाकीट येतं: तुमच्या घराची आजची किंमत इतकी, त्यात तुमची इक्विटी (किमतीतून घराचं कर्ज वजा जाऊन उरणारा हिस्सा) इतकी, रीमॉर्गेज करून, म्हणजे घरावर नवं, मोठं कर्ज काढून, ही रक्कम जमा करा. खाली उत्तराची तारीख ठळक अक्षरांत.

इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांची अशी पत्रं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचून द्यायचं काम मी गेली काही वर्षं करतो आहे. मी वकील नाही. पण एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माणसं आकडा बघतात, घाबरतात आणि एक तर सही करून मोकळी होतात, नाहीतर पत्र ड्रॉवरमध्ये ढकलून देतात. दोन्ही महागात पडतं. पत्रातला आकडा ही सुपरवायझरची मागणी असते, कोर्टाचा निकाल नसतो. ती तपासता येते आणि चुकीची असेल तर कागदपत्रं दाखवून खालीही आणता येते.

आयव्हीए म्हणजे काय, थोडक्यात

इंडिव्हिज्युअल व्हॉलंटरी अरेंजमेंट ही 1986 च्या इन्सॉल्व्हन्सी ॲक्टमधली सोय. क्रेडिट कार्डं, पर्सनल लोन असं तारण नसलेलं कर्ज डोक्यावरून पाणी जाईल इतकं झालं, की घेणेकऱ्यांपुढे एक प्रस्ताव ठेवायचा. मत देणाऱ्या घेणेकऱ्यांच्या एकूण रकमेपैकी किमान 75 टक्क्यांचा होकार मिळाला, की तो सगळ्यांना बांधून घेतो, नाही म्हणणाऱ्यांनासुद्धा. मग साधारण 60 किंवा 72 हप्ते भरायचे, आणि उरलेलं कर्ज शेवटी माफ. सगळ्यावर लायसन्सधारक इन्सॉल्व्हन्सी प्रॅक्टिशनरची देखरेख असते. मंजुरीनंतर त्यालाच सुपरवायझर म्हणतात.

भारतात साध्या नोकरदारासाठी असं काही चालू नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींबद्दलचा भाग आतापर्यंत कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झाला आहे. त्यामुळे आपले लोक आयव्हीएला बँकेच्या वन टाइम सेटलमेंटसारखं काहीतरी समजतात आणि कागद न वाचता सही करतात. पण हा पाच-सहा वर्षांचा करार आहे, आणि तुमचं घर त्याच्या आत आहे.

स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर तिथे आयव्हीएऐवजी प्रोटेक्टेड ट्रस्ट डीड चालतं, कायदा वेगळा, आणि घराचा प्रश्न बहुतेक वेळा सुरुवातीलाच ठरवतात. पुढचं सगळं इंग्लंड आणि वेल्ससाठी आहे.

पायरी 1: पत्र बाजूला ठेवा, मूळ करार शोधा

पत्रात काय लिहिलंय याला तोवर फारसा अर्थ नाही, जोवर तुमच्या करारात काय लिहिलंय हे तुम्ही पाहिलेलं नाही. दोन कागद लागतील. एक, तुम्ही सही केलेला प्रस्ताव. दुसरा, घेणेकऱ्यांच्या निर्णयानंतर आलेला अहवाल. हा दुसरा कागद बहुतेकांनी उघडलेलाही नसतो, आणि खरी मेख तिथेच असते. त्यात घेणेकऱ्यांनी घातलेल्या अटी असतात, त्यांना मॉडिफिकेशन्स म्हणतात. तुम्ही मान्य केलेली मॉडिफिकेशन मूळ प्रस्तावाच्या वरचढ ठरते. प्रस्तावात 'घराला हात लावणार नाही' असं असेल आणि मॉडिफिकेशनमध्ये 'शेवटच्या वर्षी इक्विटी काढावी' असं असेल, तर दुसरं खरं. कागद सापडत नसतील तर सुपरवायझरकडे ईमेलने प्रत मागा.

करार हातात आला की घराबद्दलचं कलम शोधून पेन्सिलने खुणा करा. बहुतेक ग्राहक आयव्हीए एका ठरलेल्या प्रोटोकॉलवर, म्हणजे नमुना अटींवर, बेतलेले असतात. त्याच्या जुन्या नमुन्यात साधारण हे सापडेल: संपण्याच्या सहा महिने आधी घराची किंमत काढायची, किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंतच कर्ज धरायचं, तुमच्या वाट्याची इक्विटी 5,000 पाउंडांच्या खाली असेल तर ती सोडून द्यायची, रीमॉर्गेजमुळे वाढणारा मासिक हप्ता आयव्हीएच्या हप्त्याच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये, आणि रीमॉर्गेज जमलंच नाही तर त्याऐवजी आणखी 12 हप्ते भरायचे.

ऑगस्ट 2021 मध्ये सुधारित प्रोटोकॉल आला. त्यानंतरच्या अनेक करारांत, घरात पुरेशी इक्विटी असेल तर सुरुवातीलाच 60 ऐवजी 72 हप्ते ठरवून टाकतात आणि शेवटी रीमॉर्गेजची मागणी राहत नाही. तुमचा करार असा असेल आणि तरी पत्र आलं असेल, तर उत्तर एका ओळीचं: 'ही मागणी करारातल्या कोणत्या कलमाखाली आहे, ते कळवा.'

पायरी 2: गणित स्वतः करा

ही पायरी सगळ्यात जास्त पैसे वाचवते.

समजा सुपरवायझरने वेबसाइटवरचा अंदाज घेऊन घराची किंमत 3,10,000 पाउंड धरली. मॉर्गेज 2,14,000 बाकी आहे. 85 टक्के म्हणजे 2,63,500. त्यातून मॉर्गेज वजा केलं की 49,500. घर नवरा-बायकोच्या नावावर निम्मं-निम्मं, म्हणून तुमचा वाटा 24,750. हा आकडा पत्रात येतो आणि रात्रीची झोप उडते.

आता खरा सर्व्हेअर घरी येतो. मागच्या खोलीत भिंतीला ओल, बॉयलर जुना, शेजारचं ज्या किमतीला गेलं ते घर वाढवलेलं होतं, तुमचं नाही. तो किंमत काढतो 2,85,000. मग 85 टक्के म्हणजे 2,42,250, मॉर्गेज वजा जाता 28,250, आणि तुमचा वाटा 14,125. एका भेटीत दहा हजारांहून जास्त फरक. किंमत 2,62,000 निघाली असती तर वाटा 4,350 होऊन 5,000 च्या उंबरठ्याखाली गेला असता आणि, जुन्या नमुन्याचं कलम असेल तर, विषयच संपला असता.

म्हणून वेबसाइटच्या अंदाजावर वाद घालत बसू नका. आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेचा सदस्य असलेल्या सर्व्हेअरकडून लेखी मूल्यांकन घ्या. ते परवडत नसेल तर परिसरातल्या दोन-तीन इस्टेट एजंटांकडून सध्याच्या अवस्थेतली विक्री किंमत लेखी घ्या. एजंट काम मिळावं म्हणून किंमत फुगवून सांगतात, तेव्हा कशासाठी हवंय ते त्यांना आधी स्पष्ट सांगा. ओल, छप्पर, तडे यांचे तारखेसकट फोटो काढा. लीजहोल्ड, म्हणजे ठरावीक वर्षांच्या पट्ट्यावरचा, फ्लॅट असेल तर किती वर्षं उरलीत ते पाहा. लीज थोडी उरली की किंमत उतरते आणि कर्ज देणाऱ्या संस्थाही मागे सरतात.

दुसरी बाजू म्हणजे वजाबाकी. मॉर्गेज कंपनीकडून रिडेम्प्शन स्टेटमेंट मागवा, म्हणजे आज सगळं फेडायचं झालं तर लागणारी नेमकी रक्कम कळते. मुदतीआधी फेडण्याचा दंड, वकिलाचा खर्च, मूल्यांकनाची फी हे सगळं मांडा.

हेल्प टू बाय इक्विटी लोन (घर घेताना सरकारने दिलेलं कर्ज) घेतलं असेल तर इथे डोळ्यांत तेल घालून बघा. हे कर्ज ठरावीक रकमेचं नसतं, घराच्या किमतीच्या टक्केवारीत असतं. घर 2,40,000 ला घेतलं आणि सरकारने 20 टक्के, म्हणजे 48,000 दिले. आज घर 3,00,000 चं झालं, तर सरकारचे 60,000 झाले. सुपरवायझरच्या तक्त्यात जुने 48,000 च वजा केलेले मी पाहिले आहेत. त्या एका ओळीमुळे इक्विटी 12,000 नी फुगली होती, आणि कोणी बदमाशी केली नव्हती. फॉर्म भरणाऱ्याने जुना कागद बघून आकडा टाकला होता. ईमेल गेल्यावर दुरुस्ती झाली.

पायरी 3: तुमचा वाटा नेमका किती

आपल्याकडच्या कुटुंबांत सगळ्यात नाजूक वाद हा.

जोडीदार आयव्हीएत नसेल तर त्याचा किंवा तिचा वाटा घेणेकऱ्यांचा नाही. तो गृहीत धरून मागणी केली असेल तर ती चूक आहे. आधी लँड रजिस्ट्रीच्या अधिकृत संकेतस्थळावरून टायटल रजिस्टरची (मालकीच्या नोंदीची) प्रत काढा (थोडी फी पडते), आणि घर घेताना वकिलाने भरलेला टीआर-1 फॉर्म शोधा. त्यात मालकी कशी आहे त्याची चौकट असते. जॉइंट टेनंट्स वर खूण असेल तर निम्मं-निम्मं धरतात. टेनंट्स इन कॉमन असेल तर लिहिलेल्या हिश्शाप्रमाणे. वेगळा ट्रस्ट डीड (हिस्से लिहून ठेवलेला दस्त) असेल तर तो महत्त्वाचा. काहीच लिहिलेलं नसेल तेव्हाच 'कोणी किती भरलं, दोघांचा हेतू काय होता' याकडे कोर्ट वळतं. 2011 साली सुप्रीम कोर्टाने जोन्स विरुद्ध कर्नॉट खटल्यात एका अविवाहित जोडप्याच्या घराचे हिस्से 90 आणि 10 असे ठरवले, पण तिथे हिस्से लिहून ठेवलेले नव्हते आणि पुरुष कित्येक वर्षं घराबाहेर होता. लेखी खूण असेल तर तो निकाल तुमच्या कामाचा नाही.

आता डिपॉझिट. नाशिकच्या एका सासऱ्यांनी प्लॉट विकून लेकीला घरासाठी पैसे पाठवले होते. पत्र आल्यावर जावई म्हणाले, 'ते कर्ज होतं, आधी त्यांचे पैसे वजा करा.' मी जुनी फाइल उघडायला सांगितली. निळ्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, मॉर्गेजच्या अर्जाला जोडलेलं सासऱ्यांच्या सहीचं पत्र निघालं: ही रक्कम भेट आहे, परत मागणार नाही, घरात माझा कोणताही हक्क राहणार नाही. मॉर्गेज देणाऱ्या संस्था असं पत्र घेतातच, आणि ते दिल्यावाचून घर मिळालं नसतं. आता तेच पैसे कर्ज होतं म्हणायचं, तर एका ठिकाणी खोटं बोलल्याचं कबूल करायचं. तो मुद्दा मी तिथेच सोडायला सांगितला. मनाला लागलं त्यांच्या, पण ते बरोबर होतं.

त्याच घरात दुसरा मुद्दा मात्र खरा निघाला. नवऱ्याने धंद्यासाठी घरावर दुसरं कर्ज काढलं होतं, बायकोने फक्त सही केली होती. इंग्लिश कायद्यात अशा वेळी एक जुनं तत्त्व आहे, त्याला इक्विटी ऑफ एक्झोनरेशन म्हणतात: एकाच्या फायद्यासाठी सामाईक घर गहाण पडलं असेल तर ते कर्ज आधी त्याच्याच वाट्यातून जावं. पायरी 2 मधल्या उदाहरणात 28,250 इक्विटीवर असं 16,000 चं दुसरं कर्ज असतं, तर सरळ हिशेबाने नवऱ्याचा वाटा 6,125 येतो. पण कर्ज फक्त नवऱ्याच्या 14,125 मधून वजा केलं तर त्याच्याकडे काहीच उरत नाही. पैसे घरखर्चात गेले असतील तर हे तत्त्व सहसा टिकत नाही, म्हणून यासाठी जोडीदाराने स्वतःचा, वेगळा सॉलिसिटर गाठावा. वेगळाच, कारण या मुद्द्यावर दोघांचं हित एक नसतं.

आणि कृपा करून एक करू नका. गावाकडून फोनवर सल्ला येतो, 'घर बायकोच्या नावावर करून टाक.' आयव्हीए चालू असताना तो करारभंग ठरू शकतो. आयव्हीए तुटून पुढे दिवाळखोरी झाली तर कमी किमतीत किंवा फुकट दिलेली मालमत्ता पाच वर्षं मागे जाऊन परत मागता येते.

भारतातली मालमत्ताही याच पायरीवर. पुण्यातला फ्लॅट, सातबाऱ्यावरचं नाव, वडिलोपार्जित जमिनीतला न वाटलेला हिस्सा, सगळं प्रस्तावात लिहायला हवं होतं. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींनाही हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क आहे, तेव्हा 'मी मुलगी, माझं काही नाही' हे उत्तर पुरत नाही. प्रस्ताव मंजूर व्हावा म्हणून जाणूनबुजून मालमत्ता लपवणं हा इन्सॉल्व्हन्सी ॲक्टखाली गुन्हा आहे. राहून गेलं असेल तर इक्विटीवर भांडायच्या आधी सल्लागाराशी बोला आणि स्वतःहून कळवा.

पायरी 4: रीमॉर्गेज खरंच होतं का, याचा पुरावा

आयव्हीएची नोंद क्रेडिट फाइलवर असताना कर्ज देणाऱ्या संस्था थोड्याच, आणि व्याज चढं. स्वतंत्र मॉर्गेज ब्रोकरकडे जा. सुपरवायझरने सुचवलेल्याकडेच जायला हवं असं करारात लिहिलंय का, ते बघा. ब्रोकरकडून लेखी घ्या: कोणाकडे विचारलं, काय दर सांगितला, नकार का आला. तोंडी 'नाही जमणार' याला किंमत शून्य.

होकार आला तर दोन तपासण्या. आयव्हीएचा हप्ता 170 पाउंड असेल आणि करारात निम्म्याची मर्यादा असेल, तर मॉर्गेजचा हप्ता 85 पाउंडांपेक्षा जास्त वाढता कामा नये. आणि मुदत किती लांबतेय, निवृत्तीच्या पलीकडे जातेय का. काही वेळा रीमॉर्गेजऐवजी चढ्या व्याजाचं दुसरं तारणी कर्ज पुढे केलं जातं. तुमच्या कलमात फक्त रीमॉर्गेज म्हटलंय की 'सिक्युअर्ड लोन' हे शब्दही आहेत, ते वाचल्याशिवाय हो म्हणू नका.

जोडीदार आयव्हीएत नसेल तर त्याच्यावर सही करायची सक्ती नाही. सही नाकारली तर पुढे काय, ते करारच सांगतो. बहुतेक ठिकाणी जादा 12 हप्ते. 170 च्या हिशेबाने ते 2,040 पाउंड. चौदा हजारांच्या नव्या कर्जाशेजारी हा आकडा ठेवून बघा.

तिसरा रस्ता म्हणजे नातेवाइकाने एकरकमी पैसे द्यायचे. भारतातून येणार असतील तर निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि पैसे कुठून आले याचे कागद इथे मागितले जातात. पण रक्कम आधी पाठवू नका. 'या रकमेत इक्विटीचा विषय मिटला' असं घेणेकऱ्यांच्या मंजुरीनिशी लेखी आल्यावरच पाठवा. करारात बदल करायला बहुधा पुन्हा तीच 75 टक्के मतं लागतात, त्याला वेळ जातो.

पायरी 5: उत्तर कसं लिहायचं

ठळक अक्षरांतल्या तारखेच्या आत, ईमेलने, लहान. पहिल्या ओळीत केस नंबर. मग: 'मागणी मिळाली. खालील तीन आकडे मला मान्य नाहीत.' प्रत्येक आकड्यासमोर तुमचा आकडा आणि जोडलेला कागद. शेवटी विचारा: हिशेबाचा पूर्ण तक्ता आणि लागू केलेलं कलम पाठवा, आणि निर्णय होईपर्यंत मला कसूरदार धरू नका. परिस्थितीचं रडगाणं, मुलांची फी, सासूबाईंचं आजारपण यातलं खर्चाच्या हिशेबात बसतं तेवढंच लिहा. वाचणारी मुलगी किंवा मुलगा दिवसाला कित्येक अशा फाइली बघतो. त्याला कागद लागतो.

वाद चालू असताना ठरलेला मासिक हप्ता चुकवू नका. वैतागून तो थांबवणारे मी पाहिलेत. त्याने हातातला सगळ्यात मजबूत मुद्दा, म्हणजे 'मी करार पाळतोय' हाच, निघून जातो. करारभंगाची नोटीस, मग करार रद्द, मग सगळं मूळ कर्ज पुन्हा उभं. सुपरवायझर दिवाळखोरीचा अर्जही करू शकतो. दिवाळखोरीत ट्रस्टीला, म्हणजे दिवाळखोराची मालमत्ता सांभाळणाऱ्याला, राहत्या घराचा निकाल लावायला साधारण तीन वर्षं मिळतात आणि तिथे 5,000 ची सवलत नाही. इक्विटी 1,000 पाउंडांहून कमी असेल तर मात्र घर सुटतं.

पायरी 6: ऐकलंच नाही तर

आधी त्या फर्मच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. तिथे समाधान झालं नाही तर इन्सॉल्व्हन्सी सर्व्हिस या सरकारी विभागाच्या कंप्लेंट्स गेटवेवर ऑनलाइन. ती तक्रार त्या प्रॅक्टिशनरला लायसन्स देणाऱ्या संस्थेकडे जाते. ही वाट वागणुकीसाठी आहे: उत्तरं न देणं, चुकीची माहिती, दिरंगाई. घराची किंमत किती धरायची हा निर्णय ते तुमच्यासाठी बदलून देत नाहीत.

त्यासाठी कोर्ट. इन्सॉल्व्हन्सी ॲक्टच्या कलम 263 खाली सुपरवायझरच्या कृतीने, निर्णयाने किंवा काही न करण्याने नाराज असलेल्या कोणालाही कोर्टात जाता येतं, आणि त्यात तुमचा जोडीदारही येतो. कोर्ट निर्णय बदलू शकतं. पण हरलात तर समोरच्याचा खर्चही अंगावर येऊ शकतो, म्हणून आधी स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन किंवा सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्थांकडे विनामूल्य सल्ला घ्या. इंग्रजीत बोलायला संकोच वाटत असेल तर दुभाष्याची सोय आहे का, हे फोनवर पहिल्यांदाच विचारा. पैसे घेऊन 'आयव्हीएतून सोडवतो' म्हणणाऱ्या जाहिरातींपासून लांब राहा.

शेवटचा हप्ता गेल्यावर

कंप्लिशन सर्टिफिकेट मागून घ्या आणि जपून ठेवा. इन्सॉल्व्हन्सी रजिस्टरवरचं नाव आयव्हीए संपल्यावर तीन महिन्यांत निघतं. मग एक काम उरतं, जे जवळजवळ सगळे विसरतात: लँड रजिस्ट्रीतून टायटलची प्रत पुन्हा काढा. सुपरवायझरने तुमच्या घरावर रिस्ट्रिक्शन (घराच्या व्यवहारावर बंधन घालणारी नोंद) नोंदवलेलं असू शकतं. ते अजून दिसत असेल तर त्यांना आरएक्स-4 फॉर्म भरून ते मागे घ्यायला लिहा, सर्टिफिकेटची प्रत जोडा, आणि काही आठवड्यांनी प्रत तिसऱ्यांदा काढून ती ओळ गेल्याची खात्री करा.